युद्धात सापडलेल्या सामान्य माणसांसाठी निधी उभारण्याची नोकरी : खानदेशातून सुरुवात कशी करायची?

पांझराकाठ (धुळे)

राम राम मंडळी. नोकरीच्या जाहिरातींत 'डेव्हलपमेंट ऑफिसर', 'ग्रँट्स असोसिएट', 'डोनर रिलेशन्स' अशी पदं दिसतात. आपल्याकडची एम.एस.डब्ल्यू. नाहीतर बी.कॉम. झालेली मुलंमुली ती सोडून देतात. हे रस्ते-पाणी-शौचालयाच्या विकासाचं काम असावं असं त्यांना वाटतं. खरं तर तो निधी उभारणीचा विभाग असतो.

या धाग्यात एकाच प्रकारच्या संस्थांबद्दल बोलू या : युद्धात सापडलेल्या नागरिकांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या. पैसा कुठून येतो, तो आणणाऱ्याचं रोजचं काम काय, धुळे-जळगाव-नंदुरबारात राहून सुरुवात कशी करायची, कायदा कुठे आडवा येतो. जाणकारांनी नेमकं लिहावं. 'ओळखी वाढवा' एवढ्यावर सोडू नये.

गिरणाई (चाळीसगाव)

आधी काम समजून घ्या, मग पैसा.

'संरक्षण' म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे तांदूळ, ब्लँकेट, तंबू येतात. ती मदत झाली. संरक्षण म्हणजे माणूस मारला जाऊ नये, पळवला जाऊ नये, बाईमाणसावर अत्याचार होऊ नये, घर सोडून निघालेल्यांवर वाटेत गोळीबार होऊ नये यासाठीची खटपट. त्याचा कायदेशीर पाया म्हणजे १९४९ चे चार जिनिव्हा करार. त्यातला चौथा नागरिकांसाठी आहे. भारताने हे चारही करार १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० साली त्यासाठी वेगळा कायदा केला. १९७७ चे जादा प्रोटोकॉल मात्र भारताने स्वीकारलेले नाहीत. मुलाखतीला जाण्याआधी निदान एवढं पक्कं हवं.

संस्थांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती १८६३ पासूनची. ती युद्धकैद्यांना भेटते, हरवलेल्यांचा शोध घेते, लढणाऱ्या सगळ्या बाजूंच्या अधिकाऱ्यांशी बंद दाराआड बोलते. २००३ मध्ये मार्ला रुझिका या अमेरिकन तरुणीने सुरू केलेली 'सिव्हिक' ही संस्था नागरिकांचं नुकसान कसं होतं ते नोंदवते आणि सैन्यांना वागण्याची पद्धत बदलायला लावते. रुझिका २००५ साली बगदादमध्ये मारल्या गेल्या. 'नॉनव्हायोलंट पीसफोर्स' प्रशिक्षित निःशस्त्र माणसं धोक्यातल्या गावांत ठेवते. ही संस्था २००२ मध्ये आपल्या देशात, दिल्लीजवळ सूरजकुंडला स्थापन झाली. तिच्या मुळाशी गांधीजींची शांतिसेनेची कल्पना आहे. ती शांतिसेना विनोबांनी १९५७ साली प्रत्यक्षात आणली. हेच विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. म्हणजे हा विषय खानदेशाला अगदीच परका नाही.

आता निधी उभारणाऱ्याची खरी अडचण. ब्लँकेटं मोजता येतात. न झालेला हल्ला कसा मोजणार? म्हणून प्रस्तावात मोजायच्या गोष्टी नीट निवडाव्या लागतात. किती घटना नोंदवल्या आणि त्यातल्या किती दोन स्वतंत्र माणसांकडून पडताळल्या. किती सेनाधिकाऱ्यांशी बैठका झाल्या आणि त्यानंतर शाळेसमोरचा लष्करी नाका हलला का. पाणी-सरपणाला जाणाऱ्या किती बायकांना सोबत दिली. पुरलेल्या स्फोटकांची माहिती किती मुलांपर्यंत पोचली आणि महिन्याने विचारलं तेव्हा किती मुलांना ती आठवत होती.

'आम्ही अमुक इतके जीव वाचवले' हे वाक्य प्रस्तावात लिहू नये. ते सिद्ध करता येत नाही. तपासणीला आलेला माणूस पहिलं बोट तिथेच ठेवतो आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

सातपुडा_पायथा (चोपडा)

पैशाच्या वाटा सांगतो.

सगळ्यात मोठी वाट सरकारांची : युरोपियन युनियन, वेगवेगळे देश, संयुक्त राष्ट्रांच्या संस्था. दुसरी खासगी फाउंडेशनांची. तिसरी कंपन्यांची. चौथी दर महिन्याला पाचशे-हजार देणाऱ्या सामान्य माणसांची.

पहिल्या वाटेवर सगळा भार टाकला तर काय होतं ते २०२५ मध्ये जगाने पाहिलं. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलैला यूएसएड ही तिची सरकारी मदतसंस्था स्वतंत्र संस्था म्हणून संपली. ज्यांचा निम्म्याहून जास्त पैसा तिथून येत होता त्यांना चालू कामं मध्येच बंद करावी लागली. संरक्षणाचं काम मध्येच थांबवण्यात वेगळा धोका आहे. ज्या बाईने विश्वासाने साक्ष दिली तिच्या गावातून तुमची माणसं एका रात्रीत निघून गेली तर ती आधीपेक्षा जास्त उघडी पडते.

म्हणून बंधनातला निधी आणि मोकळा निधी हा फरक पहिल्याच दिवशी शिकून घ्यायचा. बंधनातला निधी म्हणजे कपाशीसाठी घेतलेलं पीककर्ज, ते विहिरीच्या मोटारीला वापरता येत नाही. सरकारी अनुदान बहुतेक असंच असतं : हा देश, हा जिल्हा, हे अठरा महिने, ही खर्चाची ओळ. नवीन ठिकाणी लढाई पेटली की हा पैसा हलवता येत नाही. परवानगी मागून ती मिळेपर्यंत आठवडे जातात. पहिल्या बहात्तर तासांत गाडी, इंधन, दुभाषा, सॅटेलाइट फोन यांना लागतो तो मोकळा पैसा. तो मुख्यतः चौथ्या वाटेने येतो. म्हणून महिन्याला पाचशे देणारा माणूस रकमेने लहान असला तरी कामाच्या दृष्टीने लहान नाही.

केळीबाग (रावेर)

एक प्रश्न सरळ विचारतो, कारण पैसे मागायला गेल्यावर रावेर-यावलात लोक हाच विचारणार. वादळाने इथली केळी आडवी होते, कापसाला भाव नाही. मग परदेशातल्या युद्धासाठी आम्ही का द्यावं?

गिरणाई (चाळीसगाव)

केळीबाग, प्रश्न रास्त आहे. त्याला टाळाटाळीचं उत्तर देऊ नये.

आपल्या देशाला ही परंपरा आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणात सापडलेल्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष होते. त्यासाठी देशभर लोकवर्गणी झाली. देणारा देश गुलाम आणि गरीब होता तेव्हाची ही गोष्ट. त्या पथकातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले.

पण समोरचा नाही म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. त्याने इथल्या नुकसानीसाठी द्यावं, तेही चांगलंच. निधी उभारणाऱ्याचं काम मन वळवण्याचं कमी आणि ज्याचं मन आधीच तयार आहे तो शोधण्याचं जास्त असतं. शंभर जणांना ओढत बसण्यापेक्षा तयार असलेले दहा नीट सांभाळा.

हिशेबवही (जळगाव)

आता कायदा. उत्साहाच्या भरात माणसं अडकतात ती इथेच, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट : भारतातल्या ट्रस्टने इथे देणग्या गोळा करून परदेशातल्या युद्धग्रस्तांना सरळ पाठवायच्या, हे वाटतं तितकं सोपं नाही. ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्च झालं तर त्या रकमेवर आयकर सवलत मिळत नाही. अपवाद आंतरराष्ट्रीय कल्याणाच्या कामाचा, आणि त्यालाही केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा खास आदेश लागतो. शिवाय पैसा देशाबाहेर नेण्यावर परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे नियम आहेतच. व्यक्तीला स्वतःच्या खात्यातून रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि त्यात देणगीही बसते. पण त्या देणगीवर ८०जी (देणगीवरची आयकर वजावट) मिळत नाही. गावात पेटी फिरवून जमलेले पैसे कुणाच्या तरी खात्यातून परदेशी धाडणं, हा मार्ग तर मुळीच धरू नका.

दुसरी : कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा सक्तीचा खर्च. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५. आदल्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी भरलं तरी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. पण भारताबाहेर केलेलं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत. त्यामुळे जळगावच्या एमआयडीसीत जाऊन परदेशातल्या युद्धासाठी सीएसआर मागणं म्हणजे दोघांचाही वेळ वाया. देशातल्या संघर्षात विस्थापित झालेल्यांचं शिक्षण, आरोग्य, पुनर्वसन असं काम असेल तर मागता येतं. त्यासाठी संस्थेकडे सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक हवा. तो १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे.

तिसरी : परदेशातून येणारा पैसा, म्हणजे एफसीआरए (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा). २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. तिथून तुमच्या जळगावच्या खात्यात वळवता येतो, पण पहिला मुक्काम तोच. परदेशी पैशातून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच, आधी ही मर्यादा ५० होती. आणि सगळ्यात जाचक बदल : हा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. दिल्लीची मोठी संस्था घेते आणि शहाद्याच्या लहान संस्थेला वाटून देते, ही पद्धत संपली. नव्या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेले हवेत. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत करायचा. वार्षिक विवरण एफसी-४ हे ३१ डिसेंबरपर्यंत. वर्षात एक रुपया आला नसेल तरी भरायचं. 'काही आलंच नाही तर काय भरायचं' असं म्हणून सोडून दिलेल्या संस्थांना पुढे जड जातं.

यातलाच एक बारकावा आपल्या भागाला फार लागू आहे. अमेरिकेत गेलेला मुलगा ग्रीनकार्डवर आहे पण पासपोर्ट भारतीय आहे, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. तिथलं नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाचं कार्ड) काढलं असेल तर ठरतात. तो गावी आला असताना रोख रुपयांत दिले तरीही ठरतात. म्हणून अशा देणगीदाराला पैशाआधी पासपोर्ट विचारा. अवघड वाटलं तरी विचारा.

पांझराकाठ (धुळे)

हिशेबवही अप्पा, हे फार मोलाचं. ८०जी बद्दलही सांगा, कारण धुळ्याचा व्यापारी पहिला प्रश्न तोच विचारतो.

हिशेबवही (जळगाव)

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. त्यात कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले आहेत, तेव्हा भरताना पोर्टलवरचा ताजा नंबर बघा. इथे सगळ्यांच्या तोंडी असलेले जुनेच नंबर वापरतो.

साधारण संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही एका वरच्या मर्यादेत. रोख २,००० च्या वर दिली तर वजावट नाही. गव्हाची पोती, कपडे, औषधं अशा वस्तूंवर वजावट नाही. आणि नव्या करप्रणालीतल्या माणसाला ८०जी मिळतच नाही. पगारदार माणूस आता आपोआप नव्या प्रणालीत धरला जातो, जुनी हवी तर त्याला ती निवडावी लागते. त्यामुळे 'कर वाचेल' असं सरसकट सांगून देणगी घेऊ नका. मार्चमध्ये घेतलेली देणगी जुलैत रिटर्न भरताना कामाला आली नाही, तर तो माणूस पुन्हा दारात उभं करत नाही. 'तुम्ही जुन्या प्रणालीत आहात का' एवढं आधी विचारायचं.

देणगीदाराचा पॅन किंवा आधार आणि पत्ता घेतानाच लिहून घ्या. वर्षाचं विवरण १०बीडी हे ३१ मेपर्यंत जातं आणि त्यावरूनच त्याचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. पॅनमधलं एक अक्षर चुकलं की त्याच्या रिटर्नमध्ये वजावट दिसत नाही. उशीर झाला तर संस्थेला दिवसाला २०० रुपये भुर्दंड.

आणि पत्रक छापणाऱ्यांसाठी : लाल क्रॉसचं चिन्ह वापरू नका. ते वैद्यकीय खूण म्हणून सर्रास छापतात, पण १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे. युद्धात त्या चिन्हाकडे बघून गोळी थांबावी म्हणून ते राखून ठेवलं आहे. या क्षेत्रातल्या माणसाने तरी ही चूक करू नये.

नोंदणी नसलेल्या गटाने चौकात वर्गणी गोळा करायची असेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच.

सातपुडा_पायथा (चोपडा)

दरमहा देणगीचं तंत्र थोडं उलगडतो. निधी उभारणीतली पहिली नोकरी बहुतेकांना इथेच मिळते : फोनवर, नाहीतर मॉलच्या दारात टॅब घेऊन.

नोंद झाली म्हणजे पैसा आला असं नाही. बँक मॅन्डेट (खात्यातून दरमहा पैसे कापायची लेखी परवानगी) मंजूर व्हावं लागतं. ते नाकारलं जाण्याची कारणं ठरलेली : कागदी फॉर्मवरची सही बँकेतल्या सहीशी जुळत नाही, खात्यावर नाव 'पाटील सुनंदा र.' आणि फॉर्मवर 'सुनंदाताई पाटील', शाखा विलीन होऊन आयएफएससी बदललेला, संयुक्त खातं आणि सही एकाचीच. यूपीआय ऑटोपेत सहीची भानगड नाही. १५,००० पर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही, पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना जाते.

ती सूचना हाच नाजूक क्षण. काहीच न कळवता नुसता बँकेचा संदेश गेला तर माणूस रद्द करून टाकतो. त्याच्या दोन दिवस आधी संस्थेकडून दोन ओळींचा निरोप जावा : मागच्या महिन्यात काय झालं, एवढंच.

हप्त्याची तारीख ठरवताना माणूस बघा. शिक्षक आणि सरकारी नोकर यांना ५ ते ७ तारीख बरी. भुसावळचे रेल्वे पेन्शनर महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. शेतकऱ्याला दरमहा हप्ता लावूच नये. त्याचा पैसा दिवाळीनंतर, कापूस विकला की येतो. त्याच्याकडे वर्षातून एकदा, पौष-माघात जावं. केळीवाल्याचं तसं नाही, त्याची कटाई वर्षभर चालते. पण ज्या आठवड्यात भाव पडलाय त्या आठवड्यात जाऊ नये. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी घरी असतात, घरात खर्च असतो आणि दानाची भावनाही असते. सणाच्या दिवशी नाही, चार दिवस आधी पत्र पोचावं.

हप्ता परत गेला तर बँक देणगीदाराच्याच खात्यातून दंड कापते. म्हणून त्याच महिन्यात तीन-तीनदा प्रयत्न करू नका. एकदा करा, नाही जमलं तर फोन करा. पाचशेच्या देणगीपायी माणसाला पाचशेहून जास्त दंड बसला असं झालं, तर ती चूक संस्थेची.

हिशेब मांडून बघा. समजा एका देणगीदाराची नोंद करायला पगार, प्रवास, टॅब धरून ३,००० रुपये लागले आणि तो महिन्याला ५०० देतो. सहा महिन्यांनी खर्च निघाला. सातव्या महिन्यापासून खरा निधी. तो पाचव्या महिन्यात सोडून गेला तर संस्थेला तोटा झाला. म्हणून किती जणांची नोंद केली हा आकडा फसवा आहे. सातव्या महिन्यात किती उरले ते विचारा. मुलाखतीत हा प्रश्न तुम्हीच विचारलात तर समोरच्याला कळतं की उमेदवाराला काम समजतं.

बोरीकाठ (अमळनेर)

फोटोंबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मदतकार्यातल्या निधीपेक्षा संरक्षणातला निधी इथे अगदी वेगळा पडतो.

पुरात सापडलेल्या माणसाचा फोटो छापला तर फार तर त्याची मानहानी होते. तीही वाईटच. पण युद्धात साक्ष देणाऱ्या बाईचा फोटो छापला तर तिचा जीव जातो. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश लपलेले असतात. मागच्या भिंतीवरची पाटी, डोंगराची रेघ, मशिदीचा मिनार, शाळेच्या गणवेशाचा रंग, एवढ्यावरून गाव ओळखतात. म्हणून चेहरा झाकला की झालं असं नाही.

प्रत्येक गोष्टीला आणि प्रत्येक फोटोला संमती हवी, तिच्या भाषेत. फोटो कुठे छापला जाईल ते दाखवून घ्यायची, आणि नाही म्हटलं तरी मदत थांबणार नाही हे आधी सांगून. संमती मागे घेण्याची वाट ठेवायची. मुदत ठेवायची, दोन वर्षांनी फोटो काढून टाकायचा. निधी विभागाने मूळ मुलाखती स्वतःकडे ठेवूच नयेत. संरक्षण विभागाने गाळून दिलेला मजकूरच वापरावा. अनेकींच्या हकिगती जोडून, नाव बदलून कथा लिहिली असेल तर खाली तसं छापावं.

मोठा देणगीदार कधी कधी म्हणतो, 'ज्यांना माझी मदत पोचली त्यांची नावं द्या, मला बोलायचंय.' नाही सांगायचं. कारण सांगून, नम्रपणे, पण नाहीच. त्यासाठी देणगी गेली तर जाऊ द्या.

केळीबाग (रावेर)

आणि बाजूचा प्रश्न? एखाद्या युद्धाचं नाव काढलं की जळगावात काय किंवा मालेगावात काय, खोलीचे दोन भाग पडतात. एका बाजूचे लोक म्हणतात आमच्यांसाठीच घ्या.

गिरणाई (चाळीसगाव)

बाजू घेऊन पैसा जास्त जमतो, हे खरं आहे. तरी घेऊ नये. ज्या संस्थेने एका बाजूचा निधी म्हणून पैसा घेतला तिच्या माणसांना दुसऱ्या बाजूचा नाका ओलांडता येत नाही, आणि नागरिक तर दोन्हीकडे असतात. भाषणात इतकंच म्हणावं : कायदा दोन्ही बाजूंना सारखा लागू आहे आणि आम्ही लढणाऱ्यांचे नाही, न लढणाऱ्यांचे आहोत. 'त्यांनी आधी सुरू केलं' या वादात शिरू नये.

जकातीचा (मुसलमानांच्या धार्मिक दानाचा) पैसा वेगळ्या खात्यावर ठेवावा. तो कुणाला चालतो याचे धार्मिक नियम आहेत. त्यातून पगार, पत्रकं, प्रवास काढण्याआधी देणाऱ्याला स्पष्ट विचारावं.

आणखी एक कठीण प्रश्न भुसावळ-वरणगाव भागात येतो, तिथे आयुध निर्माणी आहेत. शस्त्र बनवणाऱ्या कंपनीची देणगी घ्यायची का? संरक्षणाच्या संस्थांनी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. उद्या त्याच गोळ्याचा तुकडा तुमच्या अहवालात नोंदवावा लागेल. पण तिथला कामगार स्वतःच्या पगारातून शंभर रुपये देतो ते मानाने घ्यावेत. हे प्रसंग येण्याआधी देणगी-स्वीकार धोरण लेखी करून विश्वस्तांच्या सह्या घेऊन ठेवा. समोर धनादेश पडल्यावर तत्त्व ठरवायला बसू नये.

तापीपूर्णा (भुसावळ)

नोकरीकडे येते.

सुरुवातीची पदं साधारण तीन. एक, फोन किंवा समोरासमोर देणगीदार जोडणं. त्यात पगार कमी, उद्दिष्ट आठवड्याचं, सोडून जाणारे फार. दोन, देणगीदार सेवा : पावत्या, तक्रारी, नोंदवहीचं सॉफ्टवेअर. तीन, अनुदान विभागात मदतनीस : मुदतींची यादी, जोडपत्रं, अंदाजपत्रकाची जुळणी, अहवालाचा पहिला मसुदा. आपल्याकडच्या मुलांनी दोन किंवा तीन बघावं असं मला वाटतं.

सातपुडा_पायथा (चोपडा)

तापीपूर्णाताई, इथे जरा वेगळं मत. सहा महिने तरी समोरासमोर मागण्याचं काम करावं. 'नाही' ऐकण्याची सवय आणि एका मिनिटात मुद्दा सांगण्याची कला दुसरीकडे मिळत नाही. फक्त रुजू होण्याआधी विचारा : पगार ठरलेला की नुसतं कमिशन? नुसत्या कमिशनवर ठेवत असतील तर जाऊ नका. त्यात माणूस खोटं बोलायला लागतो.

तापीपूर्णा (भुसावळ)

कमिशनबद्दल पूर्ण सहमत. पण इंग्रजी लिहायला घाबरणारी आणि हिशेबात पक्की अशी मुलं आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांना अनुदान विभाग जास्त मानवतो. तिथं कौशल्य लागतं ते तक्ते जुळवण्याचं. प्रस्तावातला उपक्रम, लॉगफ्रेममधली (उद्दिष्टं, उपक्रम आणि मोजमाप यांच्या तक्त्यातली) ओळ आणि अंदाजपत्रकातली ओळ, तिन्हीकडे तेच नाव आणि तोच आकडा हवा. प्रस्तावात 'चार गावांत ४८ बैठका', लॉगफ्रेममध्ये ४०, अंदाजपत्रकात चहापाण्याचे ३६, असं निघालं की प्रस्ताव बाजूला पडतो. पाठवण्याआधी दुसऱ्या माणसाने फक्त आकडे लाल पेनाने जुळवावेत, मजकूर वाचूच नये.

अंदाजपत्रकात विसरल्या जाणाऱ्या ओळी : कर्मचाऱ्यांचा युद्धक्षेत्रातला विमा, तातडीने बाहेर काढण्याचा खर्च, मानसिक आधार, दुभाष्याचा विमा (तो हमखास राहतो), विनिमय दरातली घट, लेखापरीक्षण. अप्रत्यक्ष खर्चाला युरोपियन युनियन आणि संयुक्त राष्ट्रांच्या बऱ्याच संस्था ७ टक्क्यांच्या आसपास देतात. कार्यालय चालवायला खरा खर्च त्याहून जास्त येतो. ती तूट कुठून भरणार हे सही करण्याआधी ठरवा, नाहीतर अनुदान मिळालं म्हणून पेढे वाटायचे आणि वर्षअखेरीला भाडं थकायचं. छावणीचं काम जोडलेलं असेल तर 'स्फिअर' या मदतकार्याच्या जागतिक मानकांतली किमान मापं पाठ ठेवा : माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा. अंदाजपत्रक तिथूनच उलटं बांधतात.

शिकायला पैसे घालायची गरज नाही. 'काया' आणि 'डिझास्टररेडी' या ठिकाणी मानवतावादी कामाचे मोफत अभ्यासक्रम आहेत. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल आणि व्हीलुकअप सफाईने आले पाहिजेत. जाहिराती 'रिलीफवेब' आणि 'डेव्हनेटजॉब्स इंडिया'वर रोज बघा. सीएफआरई या निधी उभारणाऱ्यांच्या व्यावसायिक प्रमाणपत्राची घाई नको. त्याला मागच्या पाच वर्षांत ३६ महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव लागतो.

आणि आधी जिल्ह्यातल्याच एखाद्या संस्थेत, मग ती आश्रमशाळेची असो की अपंगांची, वर्षभर पावत्या, १०बीडी आणि दोन अनुदान अहवाल हाताखालून जाऊ द्या. मोठ्या संस्थेला परदेशातला अनुभव शिकवता येतो. वेळेवर, खरा, ताळा जुळलेला अहवाल देण्याची सवय मात्र आधीच अंगात असावी लागते.

पांझराकाठ (धुळे)

लेखी परीक्षेत काय देतात?

गिरणाई (चाळीसगाव)

बहुधा तासाभरात एक पानाचं पत्र किंवा दोन पानांची संकल्पना-टिपणी. घरी सराव असा करा. एखाद्या संस्थेचा जाहीर वार्षिक अहवाल घ्या. त्यातला एकच कार्यक्रम निवडा. अडीचशे शब्दांत पत्र लिहा : पहिल्या दोन वाक्यांत एक ठिकाण आणि एक माणूस, तिसऱ्यात धोका, चौथ्यात संस्था नेमकं काय करते, मग ठरलेली रक्कम आणि त्यातून काय होतं, शेवटी कधीपर्यंत हवी. 'अत्यंत भीषण', 'काळीज पिळवटून टाकणारी' असले शब्द खोडा, पत्र आणखी जड होतं. मग तेच पत्र मराठीत, जमलं तर अहिराणीत मोठ्याने वाचा. जिथं जीभ अडते तिथं तुम्हालाच मुद्दा कळलेला नसतो.

रकमेबाबत एक काळजी. '५०० रुपयांत एका कुटुंबाला सुरक्षित मार्ग' असं लिहिलं की तो पैसा त्याच कामाला बांधला जातो. त्याऐवजी '५०० रुपये अशा कामाला हातभार लावतात' असं लिहा आणि पावतीवरही 'सर्वसाधारण निधी' असं छापून घ्या.

हिशेबवही (जळगाव)

गिरणाई, पावतीचा मुद्दा वाढवतो. पत्रकावर एक आणि पावतीवर दुसरं असं झालं तर लेखापरीक्षक पत्रकच धरतो. म्हणून प्रत्येक आवाहनाची एक छापील प्रत, तारीख घालून, त्या महिन्याच्या व्हाउचर फाइलला लावून ठेवा. व्हॉट्सअॅपवरच्या आवाहनाचाही स्क्रीनशॉट काढून लावा.